नानांनी साफ केलेली बाग

अरे, स्वच्छतेपायी नाक कसं कापलं जातं, ते आमच्या वडिलांना, नानांना विचारा! मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. मी आमच्या सरांना सांगून बसलो, "आमच्या केळीच्या वाळक्या पानात नारिंगी-काळं वटवाघूळ झोपतं, अगदी फुलपाखरासारखं."

सर म्हणाले, "रविवारी येतोच!"

पाहुणा येणार म्हणून नानांनी शनिवारी चार माणसं लावून बागेतलं एकूण एक वाळकं पान काढलं. मग वटवाघूळ कसलं थांबतंय! सरांचा चेहराच उतरला.

शेवटी ते सापडलं बांधापलीकडे, भिका आप्पांच्या बागेत. वाळकी पानं काढत नाहीत म्हणून नाना त्यांना रोज आळशी म्हणायचे.

आप्पा मिशीत हसले, "नाना, मी कोनाचं घर मोडत नही!"