शून्य घरांचा वाटा

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, मॅडमचे कुटुंबीय आणि तास बुडवून आलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

मी वक्ता नाही, टॉवरवर चढणारा माणूस. पण गणिताच्या मॅडम निवृत्त होताना गप्प बसलो, तर बायको घरात घेणार नाही.

आमच्या दरीत नऊशे घरं आणि फोनच्या तीन कंपन्या, तिघींचं आपसात वाकडं. थोरलीचा टॉवर तीनशे घरांपर्यंत पोचायचा, मधलीचा दोनशे. आमची सर्वांत धाकटी. कड्यावरचा आमचा टॉवर फक्त दुसऱ्यांचा सिग्नल पुढे ढकलणारा. एकट्याने एकही घर नाही. उरलेली चारशे घरं मुकी. दवाखान्यातल्या सिस्टर अँब्युलन्स बोलवायला अर्धा तास चढ चढायच्या. त्या आज समोरच बसल्या आहेत.

एकत्र आलो तर सगळी नऊशे घरं. पण दरीसाठी सरकारकडून मिळालेल्या नऊ वाहिन्या, म्हणजे सिग्नलच्या वाटा, तिघांत वाटायच्या कशा? थोरलीचे साहेब मला म्हणाले, "तुमचं घर एकही नाही, मग वाहिनी कशाला?" खरं सांगू? मलाही ते पटलं होतं.

सल्ल्याला बोलावलेल्या मॅडम आम्हा तिन्ही कंपन्यांच्या माणसांना म्हणाल्या, "तिघंही बाहेर जा. एकेक करून आत या. कोण आल्यावर किती घरं वाढली, ते मी लिहिते."

सहा वेगवेगळ्या क्रमांनी आम्ही आत गेलो. मी पहिला गेलो, की शून्य. दोघांपैकी एकाच्या मागून गेलो, की दोनशे. शेवटी गेलो, की चारशे. तिघांचीही सरासरी निघाली चारशे, तीनशे, दोनशे; शंभर घरांमागे एक वाहिनी धरून मॅडम म्हणाल्या, "थोरलीला चार, मधलीला तीन, धाकटीला दोन."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?" साहेबांनी विचारलं.

"तर तीनशे घरांवर बसा. तुमची मर्जी."

साहेब उठून फळ्याजवळ गेले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, मी पुन्हा एकदा सगळ्यात शेवटी येऊन बघू का?" आले, एकट्याची तीनशे घरं दोघांच्या मागून पाचशे होतात हे मोजलं आणि सही केली.

तिसऱ्या महिन्यात एक बाळंतीण अडली. सिस्टरनी तिचा हात न सोडता फोन लावला. अँब्युलन्स वेळेत आली. मायलेकी सुखरूप आहेत.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या दरीतल्या चार कंपन्यांनी आपणहून मॅडमना बोलावलंय, आणि मॅडमनी होकार दिलाय. निवृत्ती कसली म्हणायची ही?

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझ्या तोंडून काही कमीजास्त गेलं असेल, तर तेवढं पोटात घाला.