ताशी वीस

ताई: माझी मेल गेली की नाही, एवढंच सांग.

बाबू: जातेय ना.

ताई: सहा वाजलेत, बाबू. कर्मचाऱ्यांची सभा दोनला झाली, मतं पडली. दवाखान्याचं धुलाईघर ठेकेदाराच्या घशात गेलं, आणि माझी मेल अजून जातेय?

बाबू: अगं, मर्यादा असते. एकाने तासाला किती मेल पाठवायच्या ते सर्व्हरवर ठरलेलं असतं, बाकीच्या रांगेत थांबतात. मागे त्या भांडारवाल्याचा पासवर्ड चोरीला गेला, त्याच्या नावाने हजारो फालतू मेल गेल्या. बाहेरच्या सर्व्हरांनी दोन दिवस आपली एकही मेल घेतली नाही. तेव्हापासूनचा नियम आहे.

ताई: सगळ्यांना?

बाबू: सगळ्यांना.

ताई: मग आस्थापनावाल्या बाईंनी आज सुट्ट्यांची दीडशे पत्रं पाठवली, ती जेवायच्या आधी कशी पोचली?

(बाबू खुर्ची वळवून स्क्रीनकडे बघत राहतो.)

ताई: तोंड इकडे कर.

बाबू: सगळ्यांना दोनशे आहे. तुला वीस.

ताई: कधीपासून?

बाबू: काल संध्याकाळपासून. साहेब स्वतः खाली आले. म्हणाले, करतोस की दुसरा माणूस बघू?

ताई: म्हणजे कालच ठरलं होतं. आणि सभेची सूचना मी पाठवते, तर मला आज साडेनऊला सांगतात, पाचची सभा दोनला. धुलाईघरात मोबाइल नेता येत नाही, बायका तिथल्या संगणकावर मेल बघतात, म्हणून दहाला एकशे नव्वद जणांना मेल टाकली. माझी प्रत येईना, म्हणून अकराला तुला फोन केला. काय म्हणालास?

बाबू: जाऊ दे ना ताई.

ताई: ‘गेल्या सगळ्या, तू निश्चिंत राहा.’ आणि मी राहिले! सख्खा भाऊ सांगतोय म्हणून!

बाबू: दोनपर्यंत ऐंशी पोचल्या होत्या. तुझी यादीच तशी. आधी साहेब लोक, मग कार्यालय, तुझ्या बायका सगळ्यात खाली. मी नाही लावली ती.

ताई: मानाप्रमाणे लावते मी. पहिल्यापासून. वरच्यांना राग नको. तुला या खुर्चीत बसवायला ज्यांच्या दारात उभी राहिले, त्यांची सत्तर नावं आधी. धुलाईघरातल्या दहाच जणी आल्या, बाबू. बाकीच्या खाली चादरींच्या घड्या घालत होत्या, आणि वर त्यांच्या पोटावर पाय द्यायला हात वर होत होते.

बाबू: मलाही दोन पोरं आहेत.

ताई: आहेत ना. इथेच जन्मली. त्यांची दुपटी त्याच बायकांनी धुतलीत.

बाबू: माझं चुकलं, ताई.

ताई: चुकलं नाही. केलंस.

बाबू: उरलेल्या काढून टाकू का रांगेतून? आता काय उपयोग त्यांचा?

ताई: खबरदार हात लावलास तर. किती राहिल्यात?

बाबू: दहा. सातला जातील.

ताई: शेवटचं नाव माझंच असेल.

बाबू: हो. चल, घरी सोडतो तुला.

ताई: तू जा. मी बसते इथेच. सातला मला कळेल, दोनला सभा आहे म्हणून.