खिडकीकडची बाजू

डॉक्टर : ...आणि खिडकी तुमच्या उजव्या हाताला?

लेक : हो. बारा वर्षं बस चालवतेय. काच बंदच असते तशी.

डॉक्टर : काचेतूनही ऊन आपलं काम करतं. म्हणून डावा गाल पस्तिशीचा आणि उजवा पन्नाशीचा.

बाबा : डावी माझी मुलगी. उजवी हिची आई.

डॉक्टर : तशी दिसते, काका.

बाबा : दिसत नाही हो. आहे.

लेक : आईला जाऊन आठ वर्षं झाली, डॉक्टर. बाबा जेवताना मुद्दाम माझ्या उजवीकडे बसतात. मीठ कमी पडलं की त्या गालाशी भांडतात.

बाबा : सुरुवात तिनं केली होती.

डॉक्टर : यात विशेष काही नाही. ऊन सगळ्याच ड्रायव्हरना लागतं. पण कुणाची कातडी किती सोसते, लवकर सुरकुतते की डाग धरते, हे बरंचसं आईवडिलांकडून येतं. तुम्हाला आईची मिळालीय. ऊन ती वर काढतंय.

बाबा : मग काढू दे की. तुमच्या का पोटात दुखतंय?

लेक : बाबा, परवा तुम्ही चष्मा शोधत होतात. मी म्हटलं, तपकिरी कोटाच्या खिशात बघा.

बाबा : होता की तिथे.

लेक : तो कोट मी जन्मात पाहिला नव्हता. आणि बोलताना माझ्या तोंडाची एकच बाजू हलली.

डॉक्टर : त्यासाठी मेंदूवाले. दुसरा मजला.

लेक : त्यांनीच तुमच्याकडे पाठवलंय.

डॉक्टर : हं. हे मलम रोज सकाळी लावायचं. झालेलं सगळं पुसलं जाणार नाही, पण पुढचं अडेल. नाही लावलं, तर डावी बाजूही त्याच वाटेनं जाईल, जरा सावकाश.

लेक : मग माझं काय उरेल?

बाबा : नाक माझ्यावर गेलंय. ते राहील.

लेक : बाबा, मला माझं तोंड हवंय.

बाबा : आणि मी बोलू कुणाशी?

लेक : मी आहे ना.

बाबा : तू समजून घेतेस. मला तशी सवय नाही.

लेक : मलम द्या, डॉक्टर.

बाबा : थांब. आधी तिला विचारतो. (लेकीच्या उजव्या गालाशी वाकून) अगं, ऐकतेस का? ही मलम लावायचं म्हणतेय.

लेक : अहो, लावू द्या. पोरीचं तोंड पोरीकडे राहू दे.