प्रोटीन म्हंजे डाळ

...आन वरनं डाळ बंद! तुमाला सांगतो, फोड माझ्या जिभंला, आन शिक्षा सगळ्या घराला. माजलगावात माझं कापडाचं दुकान. शेजारच्या टपरीवर गुटख्याच्या चमचमत्या माळा लटकायला लागल्या, तवापसनं गाल काय रिकामा राह्यला न्हाई. फोड बरा होईना म्हणून औरंगाबादला गेलतो, तर फोडाचा तुकडा तपासून डॉक्टर म्हणले, कॅन्सर हाय, पण लहान हाय, निघंल. बरं, निघंल तर काढा की... तर तिथल्या डॉक्टरीणबाई, अंजली नावाच्या, माझी मानच चाचपत बसल्या. म्हणाल्या, रोग मानेतल्या गाठीत उतरला का, ते बोटाला कळत न्हाई. तुमच्या तुकड्यात आमी एक प्रोटीन शोधतोय, ते जास्ती असलं की रोग पसरतो असा अंदाज हाय, पण खात्री न्हाई, त्याच्या भरवशावर काही ठरवता येत न्हाई.

हे मी घरी सांगितलं, तिथंच चुकलं. शेजारचे मोहनराव मास्तर लगीच म्हणले, प्रोटीन म्हंजे डाळ. झालं! आमच्या मंडळींनी, नीलम्मानं, वरण बंद, दूध बंद, शेंगदाण्याची चटणी बंद... रोगाला खुराक कशाला घालायचा, म्हणती. तिकडनं आष्टीची मेव्हणी टीव्हीवरली जाहिरात बघून प्रोटीनच्या पावडरीचा डबाच घेऊन आली. आता तुमीच सांगा, माणसानं ऐकावं कुणाचं?

पुढच्या खेपंला नीलम्मा संगं आली. डाळ बंद केल्याचं ऐकून बाई हसल्या. म्हणाल्या, जिभंवरला फोडच ते प्रोटीन तयार करतो, वरणाचा काही संबंध न्हाई, पोटभर जेवू घाला. मग गंभीर झाल्या. जिभंचं ऑपरेशन तर करायचंच, पण त्याच वक्ताला मानेतल्या गाठी काढायच्या का थांबून बघायचं, ते तुमी ठरवा. तिथलेच एक मोठे डॉक्टर म्हणत होते थांबा, दुसरे म्हणत होते काढा... आता तुमीच सांगा, ऐकावं कुणाचं? नीलम्मानं पदर सावरला आन विचारलं, "बाई, तुमचे वडील असते तर?"

बाई म्हणाल्या, "काढल्या असत्या."

"मग काढा," नीलम्मा म्हणली. मला विचारलं बी न्हाई.

काढल्या. आन एका गाठीत रोग निघाला, मोहरीएवढा. नीलम्मा जिन्यात बसून रडली. मागं एकदा दुकान जळालं, तवा बी रडली नव्हती ती. मग यंत्राचा शेक दिला, रेडिएशन म्हणत्यात त्याला. जिभंच्या त्या आधीच्या तुकड्यात प्रोटीन बी भरपूर निघालं, पण बाई म्हणाल्या, एका माणसावरनं काही सिद्ध होत न्हाई. खरं हाय, पर त्या एका माणसाला विचारा की...

आता बरा हाय. फकस्त मान आखडली. खालीवर हालती, आडवी हालतच न्हाई. म्हंजे घरात व्हय म्हणता येतं, न्हाई म्हणता येत न्हाई... आन नीलम्मा गावभर सांगत फिरती, ऑपरेशन लई झ्याक झालं.