विहिरीकडची वाट

हर्षाली : काका, विहिरीकडून कशाला आणलंत? रस्त्यानं पाच मिनिटांत पोचलो असतो.

बब्रुवान : तिकडं चिखल हाय.

हर्षाली : आठ दिवस पाऊस नाही. काल तात्यांच्या तेराव्यालाही ऊनच होतं.

बब्रुवान : तू हितला मका बघ आधी. चारच ओळी, पर कशा काळ्याभोर. तुमच्या घरचं जुनं बी हाय. तुझा बा योगीराज चुलीवर कणसं टांगून ठिवायचा, त्यातलं.

हर्षाली : आणि पलीकडं ते सगळं पिवळं?

बब्रुवान : ते ऱ्हाऊ दे.

हर्षाली : मी पाठवलेलं बी आहे ना ते?

बब्रुवान : व्हय. तिकडं मेघालयातलं, तुझ्या हापिसातलं. लई मिरवला गावात. पोरीनं बी धाडलं मनून.

हर्षाली : पिवळं पडल्यावर काय म्हणायचे?

बब्रुवान : बी ब्येस हाय, खताचं माप माझं चुकलं, मनायचा. चाळीस वर्सं बांधाला बांध लावून मका केला आमी. योगीराजचं माप चुकलं मनल्यावर लोक सोडत्यात व्हय?

हर्षाली : तुम्ही सोडलंत?

बब्रुवान : न्हाय. सांगतोच आता. कावीळ झाल्यावर गळ्यात माळ घालत्यात न्हवं? तसली माळ करून म्या रस्त्याकडच्या मक्याच्या ताटाला बांधली. मनलं, योगीराज, मक्याला कावीळ झालीया, तेलकट देऊ नगंस. रस्त्याच्या पारावर बसल्याली सगळी मान्सं हासली. त्यो बी हासला. बंडीच्या खिशातली सुपारी काढून निम्मी मला दिली. चौथ्या दिशी गेला.

हर्षाली : तात्यांचं माप चुकलं नव्हतं, काका.

बब्रुवान : मग?

हर्षाली : मी चुना टाकायला सांगितला होता. फोनवर.

बब्रुवान : चुना? ह्या रानात? हितं दोन हात खणलं की चुनखडी लागती, पोरी.

हर्षाली : मी असते तिथली माती आंबट आहे. इतकी, की मक्याची मुळं आखूड राहतात. सगळ्याच वाणांची नाही. एखादा वाण त्यातही मुळं खोल सोडतो. असे वाण शोधायचे, हेच माझं काम. आणि आंबटपणा मारायला रानात चुना टाका, हे सात वर्षं रोज लोकांना सांगते. तात्यांनाही तेच सांगितलं.

बब्रुवान : निघालं आसंल तोंडातनं. मानूस हाय.

हर्षाली : तसं नाही. पेरणीच्या आधी त्यांनी माती पाठवली होती, तपासून सांग म्हणून. भूमच्या पोस्टातून, पार्सलनं. खताच्या गोणीच्या कापडात शिवलेल्या दोन पुरचुंड्या. एकीवर लिहिलेलं 'रस्त्याकडची', दुसरीवर 'विहिरीकडची'.

बब्रुवान : काय निघालं मग त्यात?

हर्षाली : मी उघडल्याच नाहीत. टेबलाखाली आहेत अजून. त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी म्हणाले, तपासली, आंबट आहे, चुना टाका.

(बब्रुवान बांधावर बसतो.)

बब्रुवान : एवढी व्हतीस तवा ह्याच बांधावर बसून मातीवर लिंबू पिळायचीस. तात्या, माती फसफसली, मनून नाचायचीस. कुनी शिकिवलं तुला ते?

हर्षाली : तात्यांनी.

बब्रुवान : लिंबवानं फसफसती ती चुन्याची माती. मंजे त्याला ठावं व्हतं. चुन्याच्या मातीला चुना नगं, हे त्याला कुनी सांगाय नगं.

हर्षाली : मग टाकला कशाला त्यांनी?

बब्रुवान : तपासली मनलीस ना तू.

हर्षाली : ...इथंही टाकला होता?

बब्रुवान : सगळ्या रानात सारखाच. हे जुनं बी तेवढं तगलं. त्याच्या कैक पिढ्या चुनखडीतच गेल्या, त्याला काय हुतंय. तुझं बी तिकडच्या आंबट मातीतलं. त्याचा तरी काय दोष.

हर्षाली : विहिरीकडून आणायचं तुम्हाला तात्यांनी सांगितलं होतं का?

बब्रुवान : सुपारी दिली त्याच वक्ताला. पोळ्याला हर्षाली येनार हाय, मनला. मी बैलात गुतलो तर तू आण तिला रानात. पर विहिरीच्या अंगानं आण. रस्त्याकडनं आलं की आधी पिवळंच दिसतं, लेकरू झुरंल.

हर्षाली : माळ अजून आहे तिथं?

बब्रुवान : हाय. दोनदा सोडाय गेलतो. हात उचलला न्हाय.

हर्षाली : चला. जाताना रस्त्यानं जाऊ.

बब्रुवान : पारावर मान्सं बसल्यात गं आत्ता.

हर्षाली : बसू द्या. माप कुणाचं चुकलं ते त्यांना सांगते मी. तोवर माळ तुम्ही सोडा.

बब्रुवान : जरा येळ लागंल, पोरी. गाठ लई घट्ट मारलीया म्या.