सुकदेव पुन्हा भांडू लागला

हॅलो? … हॅलो… हो हो, दोंडाईच्याचा कॉल ना? मीच प्रमिलाबाई. सुकदेवची बायको, हो. … द्या ना जोडून.

हॅलो? … कोण, शोभाअक्का? … अक्का, मी प्रमिला! … येतोय आवाज, येतोय, जरा मोठ्याने बोला. … भाईदासभाईंच्या दुकानातूनच. सुरतेच्या या नवागामात दुसरा फोन आहे कुठे जवळपास? त्यांचा निरोप आला तशी भाकरी तव्यावर टाकून धावत आले. … बघतेय ना, शेजारची काशीबाई बघतेय. … तुम्ही सगळे बरे ना? … मग ट्रंककॉल कशाला केलात? मला वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं!

… कोणी सांगितलं? … लोटूने? कारखान्यातून रजा घेऊन आला का तो गावी? … काय काय सांगितलं?

… हो. … हो, भांडले. … हो, कारखान्यात, सगळ्यांच्या समोर. … मागावरचा धोटा फेकला, तेही खरं. … नाही हो, अंगावर कशाला फेकतील? जमिनीवर. … हिलाल जॉबरशी, मागांच्या मुकादमाशी. … शिव्या? दिल्या ना. दोन दिल्या. हिलालने मोजल्या.

… अक्का, हसतेय म्हणजे… अहो, हसू नको तर काय करू? …

… कधी? आज? … आज रात्रीच्या पॅसेंजरने? … आणि बरोबर कोण? … भगत? बाधा उतरवायला? … आणि यांना गावी न्यायचं? … आणि दवाखान्यातल्या गोळ्या? … नाही अक्का. नाही, नाही. गोळ्या बंद नाही करायच्या. … अक्का, ऐका ना. तुम्ही यांच्या मोठ्या बहीण, तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. पण तिकीट काढलंत का? … अजून नाही ना? मग आधी माझं ऐका, आणि मग काढा.

हे भांडले, ते लोटूने सांगितलं. कशावरून भांडले, ते सांगितलं का? … बघा. तेच तर सगळं आहे. त्या धोट्याला तडा गेला होता. तसला धोटा मागावर चढवला की सुताची तार अडकते, सगळ्या कापडात रेघ पडत जाते. हिलालने घाईत तोच चढवला. ह्यांनी माग बंद केला, धोटा काढला, हिलालच्या पायापाशी टाकला आणि म्हणाले, हे कापड तुझ्या बायकोला नेसव! … हो, असंच म्हणाले. … आणि हिलाल काय करतो? उभा राहून हसतो. पाळी सुटल्यावर तसाच आमच्याकडे आला. दारातून ओरडला, वहिनी, चहा टाका, सुकदेव आज भांडला!

… वेडे नाही झाले हो ते. तुम्हाला कळत कसं नाही… माफ करा, असं नको होतं म्हणायला. मलाच कुठे कळलं होतं? तीन महिने कळलं नाही.

अक्का, रेल्वेच्या संपाआधी आम्ही आखाजीच्या सणाला गावी आलो होतो, आठवतं? … हो, झोका बांधला होता, गाणी म्हणत होत्या सगळ्या. आणि ओट्यावर पत्त्यांचे डाव चालले होते. सगळे पुरुष बसले होते, आणि हे? … हो. भिंतीला टेकून बसले होते. पत्त्याला हात लावला नाही. आखाजीला! जो माणूस लग्नाच्या वर्षी पायातल्या नव्या वहाणा हरून आला होता तो! … तुम्हीच ना गल्लीभर सांगितलंत, ‘मना भाऊ सुधरी गया’? … साखर वाटलीत, हो. … मी पण खाल्ली ना ती साखर. मलाही वाटलं, चला, शहाणे झाले.

… तुम्हाला नाही बोलत अक्का. सगळेच म्हणत होते. मागावरची माणसं, तुम्हाला माहीत आहे, दिवसभर त्या खडखडाटात ओरडून बोलतात आणि घरी आली तरी ओरडूनच बोलतात. यांनी पाणी मागितलं की चौथ्या खोलीतली बाई तांब्या घेऊन यायची! आणि तोच माणूस फाल्गुनापासून हळू बोलायला लागला. मग नुसतं हो, नाही. मग तेही नाही. काशीबाई म्हणायची, नशीब काढलंस बाई, आमच्याकडचा कधी असा होणार?

… काय? … हां, ऑपरेटरसाहेब, तीन मिनिटं झाली? … अक्का, वाढवा म्हणा त्यांना. … म्हणा ना! … हां. झालं. बोला.

… नाही, अंगाचं दुखणं म्हणूनच आधी इथल्या डॉक्टरांकडे नेलं. डोकं दुखायचं, भूक नाही, जिना चढून आल्यासारखा दम. पहाटे तीनला जाग, मग डोळ्याला डोळा नाही. रक्त तपासलं, फोटो काढला छातीचा, सगळं चांगलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं खरं आहे, पण मूळ तिथे नाही. मला बाजूला बोलावून विचारलं, घरी पूर्वीसारखे बोलतात का? … मी तिथेच रडायला लागले. कारण तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं, मनाच्या डॉक्टरकडे.

… हो, तोच विभाग. … वेड्यांचा नाही हो! तुम्ही येऊन बघा ना बाकावर कोण बसलेलं असतं. शाळामास्तर असतो. जरीच्या कारखान्यातली बाई असते, तिला दिवसातून पन्नास वेळा हात धुवावेसे वाटतात, कातडी सोलवटली तरी. एक बँकेतला माणूस आहे, त्याची छाती एकाएकी धडधडायला लागते, मरतोच आता असं वाटतं, आणि हृदय तर ठणठणीत. चांगल्या घरची, कामाची माणसं. ह्यांना आहे त्याला डिप्रेशन म्हणतात. मन खचतं. नुसतं दुःख नाही, दुःखाला काही कारण तरी असतं. यात कशातच चव उरत नाही. … नाही, करणी नाही. आळस नाही. फार जणांना होतं, सांगत कोणी नाही.

… गोळी दिली ना. बारीकशी. तोंड कोरडं पडतं तिने, म्हणून लोटूला वाटलं अफू देतात. … अफू नाही हो! आणि ती लगेच लागू पडत नाही. तीन आठवडे जातात. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, मधे सोडायची नाही, बरं वाटलं तरी अजून सहा महिने घ्यायची. बरं वाटतंय तेव्हाच माणसं सोडतात आणि परत पडतात. म्हणून तर म्हणते, आत्ता यांना गावी नेऊ नका.

… नुसत्या गोळीने नाही. तिथे गुरुवारी एक मालतीबाई येतात, कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. … नाही, मंत्र नाही, अंगारा नाही. बोलतात. म्हणजे आपल्याला बोलतं करतात. पहिल्या दिवशी यांना काय विचारलं असेल? शेवटचं भांडण कधी केलंत? … खरंच! हे म्हणाले, आठवत नाही. त्या म्हणाल्या, बरं, मग ते शोधू या.

एक वही दिली. रोज एक तरी काम करायचं, मन लागो न लागो, आणि पुढे लिहायचं किती बरं वाटलं. दहापैकी मार्क. … हो, शाळेसारखं! काय विचारता अक्का, शून्य, शून्य, शून्य. दाढी केली, शून्य. स्टेशनपर्यंत चालून आलो, शून्य. मला वाटायचं फाडून टाकावी वही. बाई म्हणाल्या, शून्य तर शून्य, पण चालले ना? आधी मन होईल मग काम करू, असं म्हणून बसलो तर बसूनच राहतो. आणि एक दिवस बघते तर, अर्धा! काशीबाईचा स्टोव्ह दुरुस्त केला, अर्धा मार्क. मी विचारलं, अर्धाच का? तर म्हणाले, चहा दिला तिने, पण पाणचट. … हो ना! मी तो अर्धा मार्क काशीबाईला नेऊन दाखवला. तिला राग आला, मला आनंद.

… मग हळूहळू. दोन. परत शून्य. मग तीन. सरळ नाही चढत ते. … आणि भांडणाच्या दिवशी काय लिहिलंय सांगू? ‘हिलालशी भांडलो — सात.’ … सात, अक्का! मालतीबाई वाचून इतक्या हसल्या! म्हणाल्या, पुढच्या वेळी धोटा न फेकता भांडा, आठ देऊ. … कळलं ना आता? चार महिने यांच्या मागावर रेघा पडलेलं कापड निघत होतं आणि हे बघत उभे असायचे. परवा ती रेघ त्यांना सहन झाली नाही.

… हॅलो? अक्का? आहात ना?

… एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. पत्रात लिहिता येत नव्हती. … ऐका, घाबरू नका, आता तसं काही नाही. ज्येष्ठात एकदा म्हणाले, मी नसलो तरी तुमचं काही अडणार नाही. … हो. … असंच, पाणी आणायचंय म्हणावं तसं. मी डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं ते बोलू नये, बोललं की वाढतं. पण डॉक्टरांनी सरळ यांनाच विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? आणि हे हो म्हणाले. आणि अक्का, हो म्हटल्यावर यांचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसे. … एकटं सोडलं नाही मग. घरी मी, बाहेर हिलाल. त्याने आपली पाळी बदलून यांच्याबरोबर घेतली, दीड महिना. त्या हिलालला तुम्ही मघापासून नावं ठेवताय.

… रडू नका. … अहो रडू नका अक्का, लोक उभे असतील ना तुमच्याकडे. … साखर वाटली म्हणून? त्यात तुमचा काय दोष? …

… काय? … कोणाचं? … तुमचं?

… हो, ऐकतेय. …

… बाळूच्या जन्मानंतर? …

… हो. … किती दिवस? … वर्षभर? भिंतीकडे तोंड करून? … आणि सासूबाई काय म्हणायच्या? … आळशी. …

… अक्का, हे तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत? … भावालाही नाही? …

… हां, ऑपरेटरसाहेब, अजून तीन. … शेवटची तीन? बरं. शेवटची. अक्का, बोला तुम्ही, मी काही बोलत नाही.

…

… हो. … हो. … तेच ते. … नाही, तुम्ही वाईट आई नव्हता. दूध पाजलंत, न्हाऊ घातलंत, चव नसताना सगळं केलंत. … बाळंतिणींना होतं, बाई सांगतात ना. कितीतरी जणींना होतं. … आपोआप गेलं ते तुमचं नशीब, अक्का. पण वर्ष गेलं ना तुमचं. … अजून येतं कधी? पावसाळ्यात? …

… असं करा. या तुम्ही. खरंच या. भगताला ठेवा तिकडेच. … त्याला सांगा, भाऊ बरा होतोय म्हणून. … आणि उधन्याला उतरा, सुरत स्टेशनपर्यंत जाऊ नका, इथून जवळ पडतं. बुधवारी या. गुरुवारी आपण तिघं जाऊ. … मालतीबाईंना विचारते मी, तुमचंही नाव लिहून ठेवते. … कसली लाज? माझ्या शेजारी बसा बाकावर. तिथे सगळे एकमेकांना भाजीचे भाव विचारत असतात. … येता ना? … नक्की? … न्यायला नाही, भेटायला? … बास. मला एवढंच पाहिजे होतं.

… थांबा, थांबा… पाळी सुटली वाटतं. हेच येतायत, रस्त्याच्या त्या टोकाला आहेत, ऐकू इथपर्यंत येतंय! … अहो! अहो, इकडे! अक्काचा फोन आहे! … अक्का, धरून ठेवा, ठेवू नका. अहो, चपला राहू द्या, आधी घ्या. … हा कानाला, हा तोंडाला. धरा.

— हॅलो! अक्का? सुका बोलतोय! … सुका! … ओरडत नाहीये मी, हा माझा आवाज आहे! … तू रडतेस काय? … मग नाक का ओढतेस? … मी बरा आहे. म्हणजे बरा होतोय. … कोण येतंय? तू? ये की! … कोणता भगत? … तो धनगरवाड्याचा? त्याला स्वतःचा दमा बरा करता येत नाही! … हो, ठेव त्याला तिथेच. … आणि ऐक, उन्हाळ्यात लोणचं पाठवलंस ना, ते खारट होतं. … खारट! तोंडात धरवेना! … तेव्हा नाही बोललो. तेव्हा कुठे काय बोलत होतो मी? आता बोलतोय ना! … बरणी संपली ती वेगळी गोष्ट! प्रमिलाने संपवली! … हां, हस, हस. हसायचंच बाकी राहिलं होतं. … बरं, ते जाऊ दे. तुला काहीतरी सांगायचं होतं मला, कधीपासून… आखाजीला मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही अक्का, ते काही तुझ्यावर रागावून…

हॅलो? … हॅलो, अक्का? … हॅलो!

अगं, हा बंदच पडला! … वेळ संपली म्हणजे काय? … भाईदासभाई, परत जोडता येतो ना हा? … तास लागू दे, दोन तास लागू दे, मी बसतो इथे पोत्यावर. माझं बोलणं अजून संपलेलं नाही!