टिकल्यांची म्हस

ही गोष्ट पटली तर च्या माझ्याकडनं, पण तुला पटायचंच न्हाय, लेका.

दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, तवा दर साली भाव खाती ती शेजारची तानी. म्हणून औंदा मी आदल्या दिवशीच म्हस घासून, तेल चोपडून आरशागत केली. घराला लागूनच ल्योकाच्या नव्या दुकानात जमीन रंगवायचं काम चाललं हुतं. ओल्या रंगावर कारागीर हवेच्या बंदुकीनं चमचमत्या रंगीत टिकल्या उडवत हुता. माझी म्हस दारातनं आत डोकावली आन हंबरली. गडी दचकून फिरला, बंदूक चालूच! तेलावर टिकल्या गच्च बसल्या की.

ल्योक बोंबलला, "आये, उद्या ही अशी न्यायची व्हय?"

"अशीच न्यायची."

पाडव्याला चौकात सगळी आमच्याच म्हशीकडं बघाय लागली. तानी पळत आली. "आक्का, ही चमक कशानं गं?"

"नवी पेंड घातलीया. आतनंच येती."

तवापासनं तानी पेंडीची दुकानं पालथी घालतीया. तुला बी तिनंच धाडलंय न्हवं, पेंडीचं नाव काढून घ्यायला? जा आता, सांग तिला खरं. तिला बी पटायचं न्हाय.